विमानतळावर ‘परत येशील ना?’ असं विचारू नका, सर

नागपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत हे सर अकरा वर्षांपासून मोफत अभ्यासिका चालवतात. जुने विद्यार्थी आणि काही नोकरदार मंडळी महिन्याला वर्गणी काढतात, त्यावर भाडं आणि वीजबिल निघतं. इथे बसून अभ्यास केलेली काही मुलं पोलिसात गेली, काही तलाठी झाली. अभ्यासिकेतली सगळ्यात हुशार मुलगी आता २४ वर्षांची आहे. वडील ऑटो चालवतात, आई दोन घरी पोळ्या करते. शाळेपासून शिष्यवृत्तीवर शिकत ती अर्थशास्त्रात एम.ए. झाली. सरांनीच आग्रह करून तिला लंडनच्या एका विद्यापीठात नगरविकासाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायला लावला. विनाअट प्रवेश मिळाला आहे. राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, यादी लागायची आहे.

वडील म्हणतात, ‘पोरीले लंडनले काहून धाडता, सर? साहेब बनवाचं होतं ना तिले?’ दोन वर्गणीदार म्हणतात, इथे रोज दहा-दहा तास बसणारी पोरं सोडून लंडनवालीवर आपला पैसा कशाला? धाडायचीच तर परत येऊन शासकीय सेवेतच जाईन असं तिच्याकडून लिहून घ्या. सर विचारतात: माझं अपुरं राहिलेलं स्वप्न मी तिच्यावर लादतोय का? आधी यूपीएससी की आधी परदेश? आणि ‘ती परत आली नाही तर बाकीच्या मुलांना मी काय तोंड दाखवू?’

जयभीम सर,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली. वडील काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत आहे. वर्गणीदार काय म्हणाले तेही आहे. तुमची घालमेल तर पानोपानी आहे. ती स्वतः काय म्हणाली हे शोधत गेले, तर चार पानांत एकच वाक्य सापडलं: ‘सर म्हणतील तसं करते.’ त्या वाक्याखाली मी रेघ मारली.

तुम्ही ते कौतुकाने लिहिलं आहे. मला मात्र त्याची काळजी वाटली. लंडनच्या विद्यापीठाला स्वतःच्या लिखाणावर पटवून देणारी मुलगी आपल्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या निर्णयाबद्दल असं का बोलते? लहानपणापासून ती कुणाच्या ना कुणाच्या मदतीवर शिकली आहे म्हणून. कोणत्या फॉर्मवर कुणाची सही लागते, आभार कुणाचे मानायचे, सत्काराला कुठल्या रांगेत बसायचं, हे अशा मुलांना पाठ असतं. ‘मला हे हवंय’ म्हणायची वेळ त्यांच्यावर फारशी आलेलीच नसते. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. ते तिच्याकडेच आहे, आणि तुम्ही समोर बसलेले असताना ती ते देणार नाही. त्यावर काय करता येईल ते पुढे सांगते.

आधी परतीचं बोलू, कारण तुमची झोप त्याच प्रश्नाने उडाली आहे.

बाबासाहेबांची गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या अभ्यासिकेतली मुलं ती तोंडपाठ म्हणून दाखवतील. तरी तिच्यातल्या एका कागदाकडे पुन्हा बघू या. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा करार झाला होता: शिक्षण संपलं की बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब १९१७ मध्ये परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे. शहरात भाड्याने खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. बडोदा सुटलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने ५ हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं लेखन, चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढची साक्ष, पुढे राज्यघटना. देशाची जी सेवा त्यांच्या हातून झाली, तिच्यातली कुठलीच त्या दहा वर्षांच्या करारात बसत नव्हती. सयाजीराव महाराजांइतका दिलदार पाठीराखा शोधून सापडायचा नाही, तरीही शिकून आलेल्या माणसाला सामावून घ्यायची त्या संस्थानाच्या कचेरीची तयारी नव्हती. लेखी घेताना आपण धाडणाऱ्याचा विचार करतो. ज्या खुर्चीत ती परत येऊन बसणार आहे, ती खुर्ची कशी आहे याचा करत नाही.

यात माझीही एक चूक आहे. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा माझी एक विद्यार्थिनी इंग्लंडला निघाली. सोनेगावच्या विमानतळावर तिचे आई-वडील, दोन मामा, मैत्रिणी आणि मी, असा मोठा गोतावळा जमला होता. बॅगेचं वजन वाढू नये म्हणून आईने तिखट आणि सांडगी मिरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणल्या होत्या. वजन लिहिलेली चिठ्ठी पुडक्याला तशीच चिकटलेली होती. सगळ्यांच्या पाया पडून ती माझ्यापाशी आली. मी तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘परत येशील ना?’ ती म्हणाली, ‘हो मॅडम.’ दुसरं काय म्हणणार होती? अभ्यासक्रम संपला तेव्हा तिला तिथल्या एका नगरपालिकेच्या संशोधन विभागात दोन वर्षांचं काम मिळत होतं. ते सोडून ती आली. चार वेळा परीक्षेला बसली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, यादीत नाव आलं नाही. आज ती शिकवते, संसार बरा चालला आहे, भेटली की प्रेमाने बोलते. दोन वर्षांपूर्वी चहा घेता घेता सहज म्हणाली, ‘ते दोन वर्षांचं काम करून आले असते ना मॅडम, तरी आलेच असते मी.’ माझ्या हातातला कप तसाच राहिला. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

तेव्हा लेखी-बिखी काही घेऊ नका. शिष्यवृत्तीचीच काही अट असेल तर ती पाळावी लागेल. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं, आणि ते घेणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. राज्य शासनाची शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्या हमीपत्रात काय लिहिलंय ते तिने ओळन् ओळ वाचावं. तुमच्या अभ्यासिकेने त्याच्यावर आणखी एक गाठ मारू नये. बाकीच्या मुलांना तोंड दाखवण्याचं म्हणाल, तर ती मुलं तिच्याकडे ती कुठे राहते यावरून बघणार नाहीत. आपल्याच बाकावर बसणारी कुणी एक तिथवर गेली, हे त्यांना पुरेसं आहे.

आता दुसरा प्रश्न: आधी यूपीएससी की आधी परदेश.

इथे तुमच्या पत्रातला एक समज दुरुस्त करायला हवा. तुम्ही लिहिता, ‘परदेशी पदवी असली की निवड सोपी होते.’ तसं नाही. नागरी सेवा परीक्षेत परदेशी पदवीला एकही जादा गुण नाही. एकूण २,०२५ गुणांपैकी मुलाखत २७५ ची, बाकी १,७५० लेखी, त्यात वैकल्पिक विषयाचे ५००. तिथे शिकलेल्याचा निबंधात, वैकल्पिकात थोडा उपयोग होईल, पण लंडनचा अभ्यासक्रम काही आपल्या परीक्षेसाठी आखलेला नसतो. वर्षाला सुमारे १० लाख अर्ज येतात आणि २०२४ च्या परीक्षेतून १,००९ जणांची शिफारस झाली. एवढ्या गर्दीत कुणाचं नाव लागेल याची खात्री नागपुरातही नाही आणि लंडनमध्येही नाही. यूपीएससीसाठी म्हणून तिला परदेशी पाठवत असाल, तर पाठवू नका.

मग तिचं नुकसान किती होईल? वडिलांना वाटतं, वय निघून जाईल. हिशेब मांडून दाखवा. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ही परीक्षा ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा देता येते. सप्टेंबरला गेली, पुढच्या सप्टेंबरला अभ्यासक्रम संपला, तर मधली एक पूर्वपरीक्षा चुकेल. परत आल्यावर पुढची पूर्वपरीक्षा साधारण मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे हाताशी सात-आठ महिने. २४ व्या वर्षी एक संधी जाणं सोसण्यासारखं आहे. (हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३२ आणि सहा संधी, इतर मागासवर्गाला ३५ आणि नऊ. तुम्ही २९ वर्षांचे असाल आणि चार संधी वापरून झाल्या असतील, तर हाच हिशेब वेगळा निघेल. तेव्हा तिचं उदाहरण आपल्याला जसंच्या तसं लावू नका.) पात्रतेसाठी तिची नागपूर विद्यापीठाची पदवी आहेच, त्यामुळे परदेशी पदवीच्या समकक्षतेची भानगडही आड येत नाही.

आधी सेवेत जायचं आणि मग सरकारी खर्चाने शिकायला जायचं, हाही एक रस्ता आहे, आणि वडिलांच्या मनात बहुधा तोच असेल. काही वर्षांची सेवा झाली की अधिकाऱ्यांना अध्ययन रजा मिळते, केंद्राच्या योजनेतून परदेशी अभ्यासक्रमाचा खर्चही मिळू शकतो. रस्ता चांगला आहे. फक्त तो परीक्षा पास झालेल्यांसाठी आहे. आज तिच्या हातात प्रवेशपत्र आहे, ते त्या हजार नावांच्या यादीत येण्यावर टांगून ठेवायचं का, एवढाच विचार करायचा.

आणि अधिकारी होण्याआधी जाण्यात एक गोष्ट आहे जी नंतर गेल्यावर तशी मिळत नाही. ती तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर आहे, तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेलात. तिने विद्यापीठाला जो निबंध पाठवला, तो तिच्या वस्तीतल्या मालकी पट्ट्यांवर, म्हणजे घराखालच्या जमिनीचा हक्क देणाऱ्या कागदांवर होता. आईचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच, म्हणून तिने तीन चकरा मारल्या. शेजारपाजारच्या बायांचेही अर्ज भरून दिले. आणि भरता भरता तिला प्रश्न पडला की एकाच गल्लीच्या डाव्या बाजूला पट्टे मिळतात आणि उजव्या बाजूला का मिळत नाहीत. मग ती खोदत गेली: कुठली जमीन महापालिकेची, कुठली सुधार प्रन्यासची, कुठली नझूलची म्हणजे सरकारी, कुठे सातबाऱ्यावर झुडपी जंगलाची नोंद, कुठे मालक खासगी. नागपूरच्या वस्त्यांचं हे कोडं आहे, आणि एका ऑटोवाल्याच्या मुलीने ते घराच्या उंबरठ्यावर बसून उलगडायला घेतलं.

सर, ही मुलगी लंडनमध्ये काय शिकेल ते मला इथून दिसतं. पेरूमध्ये १९९६ नंतर सरकारने मोहीम काढून वस्त्यांमधल्या दहा लाखांहून जास्त कुटुंबांना वैयक्तिक मालकीपत्रं दिली. थायलंडमध्ये २००३ पासून उलटा प्रयोग चालू आहे: बान मानकाँग नावाच्या कार्यक्रमात वस्तीने मिळून सहकारी गट करायचा, बचत करायची, आणि जमीन गटाच्या नावावर किंवा भाडेपट्ट्याने घ्यायची, म्हणजे एकट्या-दुकट्याला गाठून बिल्डरला ती विकत घेता येत नाही. एकाचं बरं काय, दुसऱ्याचं वाईट काय, यावर तिच्या वर्गात लिमाची मुलगी आणि बँकॉकचा मुलगा तिच्याशी भांडतील. तिथे ती मोकळेपणाने म्हणू शकेल की आमच्याकडे हे चुकतं आहे. अधिकारी म्हणून गेली तर पाच वर्षांच्या फायली डोक्यात असतील, आणि बोलण्याआधी मनात कुठेतरी शासनाची भूमिका उभी राहील. मी अशा रजेवर गेलेल्या अधिकाऱ्यांना भेटले आहे. भली माणसं होती, पण प्रश्न विचारताना थबकायची.

दुसरं म्हणजे, ती कधी तरी ‘शिष्यवृत्तीची मुलगी’ ही पाटी उतरवून वावरली पाहिजे. तिथे तिचं आडनाव कुणाला काही सांगत नाही. रांगेत उभी राहिली, तर पुढच्या माणसाइतकीच नागरिक. हे अनुभवलेलं माणूस उद्या खुर्चीत बसलं की समोरच्या बाईचा कागद वेगळ्या नजरेने हातात घेतं, असं मला मनापासून वाटतं. तिथेही वंशभेद आहे, घरमालकांचे नखरे आहेत, ते तिला भेटतीलच. पण ते तिला नव्याने दिसेल. इथलं आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दिसेनासं होतं.

जुनी उदाहरणंही आहेत. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, त्याच्या आधाराने पुढे कितीतरी भारतीय तरुण आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या नागरी सेवेत गेले. के. आर. नारायणन टाटांच्याच शिष्यवृत्तीवर १९४५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, १९४८ मध्ये परतले, १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत रुजू झाले. केरळच्या खेड्यातल्या गरीब दलित घरातला तो मुलगा पुढे राष्ट्रपती झाला. आणि आपल्या नागपूरशी जवळचे म्हणजे चिंतामणराव देशमुख. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून, केंब्रिजला शिकून ते आयसीएस झाले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सेवेत इथे आले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची वर्षं त्यांनी याच प्रांताच्या महसुलाचे आणि अर्थखात्याचे कागद हाताळण्यात घालवली, हे नागपूरकरांनाही फारसं आठवत नाही. त्या काळात आयसीएसला विलायतेचा रस्ता जवळपास सक्तीचाच होता, आज तो नाही. म्हणून तर निवड करायची वेळ आली आहे.

माझं मत विचाराल तर शिष्यवृत्ती मिळाली तर तिने जावं. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर कर्ज काढून मात्र जाऊ नये. लंडनचा खर्च लाखांत असतो, मोठ्या रकमेला बँका तारण मागतात, आणि त्या घरात तारण द्यायला काय आहे? नुकताच मिळालेला तो पट्टा आणि ऑटो. ते दोन्ही पणाला लावून ही मुलगी तिथे एक रात्रही नीट झोपणार नाही. त्यापेक्षा विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का ते विचारावं, पुष्कळ ठिकाणी ते करू देतात. मधल्या वर्षात पूर्वपरीक्षा देऊन बघावी, पुन्हा अर्ज करावा. शासनाच्या या शिष्यवृत्तीलाही पदव्युत्तरसाठी वयाची मुभा ३५ पर्यंत आहे. घाई कुठेच नाही.

वडिलांशी बोलायला अभ्यासिकेत बोलावू नका. तिथे तुम्ही ‘सर’ असता आणि ते मान हलवून निघून जातील. त्यांच्या घरी जा, ते ऑटो लावून जेवायला बसतात त्या वेळी, आणि आईलाही बसवून घ्या. त्या माउलीचं मत पत्रात कुठेच नाही. प्रवेशपत्रात काय लिहिलंय ते मराठीत कागदावर उतरवून न्या: किती महिने, राहायची सोय कोणती, पैसे कुणाच्या खात्यात येणार, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. ‘साहेब बनवाचं होतं ना तिले’ या वाक्यात हट्ट कमी आणि धास्ती जास्त आहे. पोरीसाठी त्यांनी जे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं, त्यात लाल दिव्याची गाडी होती, आता दिवाही गेला आणि गाडीही लांबली. लग्नाचा विषय निघेल. निघू द्या, पण त्याचं उत्तर तिला देऊ द्या.

वर्गणीदारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. महिन्याला २०० रुपये देणाऱ्याने ते खुर्च्या, पंखे आणि पुस्तकांसाठी दिले आहेत. त्या पैशाला हात लावू नका. वेगळा छोटा निधी काढा, ज्याला द्यायचं त्याने द्यावं, आणि त्यातून शिष्यवृत्तीच्या अलीकडच्या फटी बुजवा. परदेशी जाणारी गरीब मुलं अडतात ती याच फटींत. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची फी. पासपोर्ट. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठराविक केंद्रातून करून घ्यायची क्षयरोगाची तपासणी. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आगाऊ भरायचा आरोग्य अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. खोलीची अनामत. जाड कोट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता हातात पडेपर्यंतचे दोन-तीन महिने. यातला काही खर्च शिष्यवृत्तीतून नंतर परत मिळतो, पण आधी खिशातून घालावा लागतो. ही रक्कम तिला बिनव्याजी उसनी द्या. जमेल तेव्हा परत करेल आणि पुढच्या मुलाला कामी येईल. ऋण फेडायचंच असेल तर तिने या मार्गाने फेडावं, वहीत आकडा लिहून. मन मोकळं राहतं.

सारख्या परिस्थितीतली बरीच मुलं हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना, क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठी. आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्यासाठी त्या त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि वय ३५ च्या आत लागतं. पण तिथे विषय बघून अर्ज करा: २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजाशी संबंधित विषय तिच्यातून वगळण्यात आले, तेव्हा पट्ट्यांसारख्या विषयावर काम करायचं असेल तर अभ्यासक्रम कुठल्या सदरात मोडतो ते आधी तपासा. चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपातल्या इरास्मस मुंडुस अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो मिळतात आणि वयाची अट नाही. अटी वरचेवर बदलतात, म्हणून सीनियरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचा. आणि क्रम लक्षात ठेवा: शाहू शिष्यवृत्तीला विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र आधी लागतं. म्हणजे तयारी जायच्या किमान वर्षभर आधी सुरू झाली पाहिजे, एम.ए.च्या शेवटच्या वर्षातच. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे ठरवताना शहर बघू नका, तिथे कोण शिकवतं आणि तुमचा प्रश्न कुठल्या पेपरात येतो ते बघा. प्रश्नच नसेल, तर आधी वर्षभर कुठे तरी काम करा.

परत आल्यावर यूपीएससी करायचीच असेल तर नागपुरातच शासनाचं भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, दिल्लीला खोली घ्यायची गरज पडणार नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे दोन्हींचा अभ्यास एकत्र जमतो. आणि तिला तेव्हा परीक्षा द्यावीशीच वाटली नाही, वस्तीच्या जमिनींवर संशोधन करावंसं वाटलं, महापालिकेला सल्ला देणाऱ्या गटात काम करावंसं वाटलं, तर तीही सार्वजनिक सेवाच आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवरच्या यादीत तिचंही नाव लिहा. तुमच्या त्या यादीत फक्त पदं आहेत असं पत्रावरून वाटलं.

आता सुरुवातीला राहिलेलं. तिला एक आठवडा द्या आणि त्या आठवड्यात तुमचं मत तिला सांगू नका. अवघड जाईल, पण करा. तिला एवढंच म्हणा की तीन गोष्टी कागदावर लिही, मला दाखवायची गरज नाही: तिथे जाऊन नेमकं काय समजून घ्यायचंय, न जाता तेच इथे कसं समजून घेता येईल, आणि कुणालाच वाईट वाटणार नसेल तर तू काय करशील. तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबेल. थांबू द्या.

पत्रात तुम्ही तिचं नाव लिहिलं नाहीत, ते योग्यच केलंत. पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं येऊ द्या, तुम्ही न वाचता पाकीट बंद केलेलं. आणि तिची हरकत नसेल तर गल्लीच्या डाव्या-उजव्या बाजूचा तो निबंधही सोबत पाठवायला सांगा. मला तो वाचायचा आहे.